तुम्ही विचारलंत म्हणून: बोअरला कुलूप का?

बोअरला पाणी असून कुलूप का? पाहुणे विचारतात, गावकरी विचारतात, परवा लग्नाच्या पंगतीत एका जावयबापूंनी चारचौघांत विचारलं. आपल्याकडं पाणी अडवणाऱ्या माणसाला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. म्हणून एकदाच सांगतो.

आमचं शेत संभाजीनगर जिल्ह्यात, नाल्याला लागून. वरच्या अंगाला क्रोम प्लेटिंगचा कारखाना होता. तो बंद पडूनही बरीच वर्षं झाली.

२०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी गेलं, त्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीच्या विहिरी ठणठणीत कोरड्या होत्या. चालू होता तो आमचाच बोअर. मी मोटर सगळ्यांसाठी सोडली, रुपया घेतला नाही. लोक दुवा द्यायचे आणि मला ते गोड लागायचं. शेजारच्या काकू पहाटे पांढरी बादली घेऊन यायच्या. स्टीलच्या हंड्यात काही कळत नव्हतं. एक दिवस त्यांनी भरलेली बादली उजेडाकडं तिरपी केली.

"पाणी पिवळं दिसायलंय की रे, बाळा."

"मुरमाचं असंल, काकू. तुरटी फिरवा, निवळंल."

त्यांनी तुरटी फिरवली. रात्रभर ठेवून सकाळी मला बोलावून दाखवलं. तळाला गाळाचा कण नाही, वरपासून खालपर्यंत स्वच्छ, नितळ, पिवळं पाणी. मुरमाचं पाणी असं नसतं. लहानपणापासून विहिरीत उतरणाऱ्या माणसाला एवढं कळतं. तरी मी "बघतो" म्हणालो आणि पाऊस पडेपर्यंत मोटर चालूच ठेवली.

मग नमुना तपासायला दिला. हेक्झाव्हॅलंट क्रोमियम निघालं, म्हणजे क्रोमियम धातूचं विषारी रूप, प्लेटिंगच्या टाकीत असतं तेच. कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात त्याचं नाव आहे. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमच्या वर नको, आमचं कितीतरी पट होतं. उकळलं तर पाणी आटतं, क्रोमियम मागं राहतं. मी घरोघरी जाऊन सांगितलं. काकू म्हणाल्या, "तुला काय ठाऊक होतं?" मी गप्प बसलो. ठाऊक नव्हतं हे खरं, पण शंका होती, आणि ती मी त्यांना सांगितली नव्हती.

"कारखाना बंद झाला ना, मग आता काय?" धातू सडत नाही, कुजत नाही. "शेजारचा बोअर चांगला, तुझाच कसा वाईट?" आपल्या काळ्या पाषाणात पाणी फटीफटीनं फिरतं, त्याची फट वेगळी, माझी वेगळी. "भाजीला तरी वापर." पाणी उडून जाईल, धातू रानात साठेल. म्हणून तो तुकडा कोरडवाहू ठेवलाय, तूर नाहीतर कापूस.

तेव्हाचा मी अजून भांडतो माझ्याशी. टँकर आठवड्यातून एकदा यायचा, मोटर बंद केली असती तर त्या बाया कुठं गेल्या असत्या? याला माझ्याकडं उत्तर नाही. पण निदान बादलीतलं खरं सांगून, घ्यायचं की नाही हे त्यांच्यावर सोडता आलं असतं. काकूंच्या हातांना पुढं खाज सुटली, कशानं ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. मी विचारायलाही गेलो नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचा नातू शेळ्यांसाठी किल्ली मागायला आला. नाही म्हणालो. पोरगा रिकामा कॅन घेऊन परत गेला. तेव्हापासून ते घर माझ्याशी बोलत नाही.