तुम्ही विचारलंत म्हणून: द रूट्सचे अल्बमच का ऐकतो?

नेमकं कोणी विचारलं याला आता अर्थ नाही, कारण सगळेच विचारतात. जुने बँडवाले मित्र विचारतात, भाचा विचारतो, ऑफिसातला तो नवीन गिटार शिकणारा मुलगा विचारतो. "तू स्वतः ड्रमर, द रूट्स म्हणजे हिप-हॉपमधला सगळ्यात भारी लाइव्ह बँड, मग तू त्यांचे स्टुडिओ अल्बम काय कवटाळून बसतोस? यूट्यूबवर कॉन्सर्ट पडलेत की ढिगाने." आणि मग ते वाक्य येतं ज्याने माझं डोकं फिरतं, "अल्बममध्ये तर ड्रम मशीनसारखाच वाजतो यार."

हो, वाजतो. मशीनसारखाच वाजतो आणि तो माणूस वाजवतोय, हेच तर मी इतकी वर्षं सांगतोय.

लाइव्हबद्दल माझी तक्रार नाहीये हो. मला माहितीये ते काय करतात, एका गाण्यातून दुसऱ्यात, तिथून कुणाच्या तरी तिसऱ्याच गाण्यात, त्यांचा गिटारवाला कर्क डग्लस गिटार घेऊन गात सुटतो, ट्युबावाला एवढं अवजड वाद्य गळ्यात अडकवून स्टेजभर पळतो. 2001 ला रॅपर जे-झीच्या मागे एमटीव्हीच्या 'अनप्लग्ड' कार्यक्रमाला हेच बसले होते, 2009 पासून अमेरिकेत जिमी फॅलनच्या टीव्ही शोमध्ये रोज कोण येईल त्याच्यासोबत वाजवतायत. त्यांना काहीही वाजवता येतं, हा विषय संपला. पण ज्याला काहीही वाजवता येतं त्याने काय वाजवायचं नाही असं ठरवलं हे बघायला मला जास्त मजा येते, आणि ते स्टेजवर कळत नाही कारण स्टेजवर समोर पब्लिक असतं, पब्लिकला सोलो पाहिजे असतो, आणि देतात बिचारे.

आता 1995 चा 'डू यू वाँट मोअर' घ्या. प्रश्न विचारणाऱ्यांना हा एकच अल्बम आवडतो आणि आवडावाच. फिलाडेल्फियाचा सिग्मा साउंड स्टुडिओ, हबचा बेस, कमालचा कीबोर्ड, राझेल तोंडाने ड्रम वाजवतोय, स्टीव्ह कोलमन आणि कॅसांड्रा विल्सनसारखी जॅझची मोठी माणसं येऊन गेलीयत, सगळं कसं एका खोलीत बसून चाललंय असं ऐकू येतं. आणि पुढच्याच वर्षी 'इलाडेल्फ हाफलाइफ'. तोच बँड, पण खोली गायब. स्वतःच्याच जॅमिंगचं रेकॉर्डिंग करायचं, त्यातला तुकडा कापायचा आणि तो तुकडा सँपलसारखा, म्हणजे जुन्या रेकॉर्डमधून उचलल्यासारखा, पुन्हा पुन्हा फिरवायचा. आवाज काळा, कोरडा, स्नेअर, म्हणजे ड्रमसेटमधला तो कडक वाजणारा ड्रम, टक्क करून कपाळावर बसणारी.

पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी चिडलो होतो. एवढी हाडामांसाची माणसं हातात असताना कापाकापी कशाला? तेव्हाच्या मला आज भेटलो तर मी सांगेन की बाबा, तेव्हा हिप-हॉपवाला श्रोता सँपलवर वाढलेला होता, जुन्या रेकॉर्डमधून उचललेला दोन बारचा, म्हणजे तालाच्या दोन आवर्तनांचा, तुकडा हीच त्याच्या कानाची चव, त्याच्यापुढे तुम्ही खरी वाद्यं घेऊन गेलात की तो म्हणणार छान आहे, जॅझ आहे, आणि उठून जाणार. यांना जॅझवाले म्हणून टाळ्या नको होत्या, रॅपवाले म्हणून उभं राहायचं होतं. तेव्हाचा मी यावर म्हणेल, म्हणजे शेवटी लोकांना घाबरूनच केलं ना? आणि याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. थोडं घाबरूनही केलं असेल. भीतीतून चांगलं काम होत नाही असं कुठे आहे.

असो. मला एवढं लागतं का याचं कारण वेगळंच आहे आणि ते मी सहसा सांगत नाही.

मी तेव्हा सांगलीकडच्या एका ऑर्केस्ट्रात ड्रम्स आणि ऑक्टोपॅड वाजवायचो. गणपती, लग्नं, सत्कार, जे येईल ते. एका गायकाच्या ओळखीतून मुंबईला अंधेरीत एका मराठी अल्बमच्या रेकॉर्डिंगला बोलावलं. खरा ड्रमसेट, खरे माइक, एक शिफ्ट, एक गाणं. मी आठवडाभर झोपलो नव्हतो नीट. त्या गाण्याच्या प्रत्येक कडव्याला वेगळा फिल, म्हणजे ठेक्यामधली भरीची हरकत, बसवला होता, दुसऱ्या अंतऱ्यानंतर म्युझिक पीसमध्ये एक लांबलचक रोल, तो तर मी एसटीत मांडीवर वाजवत गेलो, शेजारचे आजोबा वैतागून दुसऱ्या सीटवर जाऊन बसले. स्टुडिओत हेडफोन घातला, कानात लय मोजणारी क्लिक सुरू झाली, मी पूर्ण गाणं वाजवलं, आणि खरं सांगतो छान वाजवलं. काचेपलीकडे अरेंजर मान हलवत होता. मग टॉकबॅकवर, म्हणजे काचेपलीकडून हेडफोनमध्ये, आवाज आला, "मस्त रे दादा. आता एक काम कर, फिलबिल काही नको, नुसता साधा ठेका दे, चार बार." मी दिला. "परत दे." दिला. असं सहा-सात वेळा झालं असेल. मला वाटलं लेव्हल बघतायत. मग तो म्हणाला, "झालं, ये बाहेर, चहा घे."

बाहेर आलो तर स्क्रीनवर माझा ठेका दिसत होता. म्हणजे त्याचे डोंगर दिसत होते, आवाजाचे. इंजिनिअरने त्यातले दोन बार उचलले, कॉपी, पेस्ट, पेस्ट, पेस्ट, गाणं संपेपर्यंत. हे माझ्यासमोर, माझ्या हातात चहाचा कप असताना. तो काही दुष्टपणाने करत नव्हता, मध्येच वळून मला विचारत होता की साखर बरोबर आहे ना. आधी वाजवलेला टेक, त्या रोलसकट, त्याने डिलीट केला की नुसता म्यूट केला हे मला विचारायचं होतं, विचारलं नाही. व्हाउचरवर सही केली, पैसे ठरले होते तेवढे मिळाले, वर "पुन्हा बोलावतो" पण मिळालं. रात्रीची एसटी पकडून परत.

सीडी आली तेव्हा आत्याने मुद्दाम विकत आणली. सगळ्यांना बसवून लावली. दोन मिनिटं गेली, तीन गेली, आत्या म्हणाली, "अरे यात तू कुठे येतोस?" मी म्हणालो, "सुरुवातीपासून मीच आहे." ती म्हणाली, "हो का? मला वाटलं ते आपलं मशीन आहे." मग तिने कव्हर उघडून नावं वाचली. बासरी कोणाची, सतार कोणाची, रिदम प्रोग्रॅमिंग कोणाचं, सगळी नावं होती. मी नव्हतो. काका म्हणाले छपाईत राहिलं असेल. भाचा तेव्हा लहान होता, तो गाण्यावर नाचत होता.

तर आता समजा, त्यानंतर काही महिन्यांनी मित्राने कॉपी करून दिलेल्या सीडीत मला 'थिंग्ज फॉल अपार्ट' मिळतो, 1999 चा, आणि त्यात रूट्सचा ड्रमर क्वेस्टलव्ह, ज्याचा बाप गायक आणि जो लहानपणापासून बापाच्या बँडमध्ये वाजवत मोठा झाला, तो स्वतःहून स्वतःला त्या दोन बारमध्ये कोंडून घेतोय. कुणी टॉकबॅकवरून सांगत नाहीये. न्यूयॉर्कचा इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओ, त्याच काळात तिथेच गायक डिअँजेलोचं 'वूडू' चाललेलं, रॅपर कॉमनचा अल्बम चाललेला, सगळ्यांच्या मागे ड्रमवर हाच क्वेस्टलव्ह. आणि त्या गोतावळ्यात डेट्रॉइटचा निर्माता जे डिला, जो एमपीसी नावाच्या बीट बनवायच्या मशीनवर बोटाने बीट ठोकायचा आणि मशीनची आपोआप ताल सरळ करायची सोय बंद ठेवायचा, त्यामुळे त्याचा बीट किंचित लंगडायचा, झिंगल्यासारखा. क्वेस्टलव्ह ते ऐकून हाताने तसं वाजवायला शिकला. म्हणजे बघा, माणसासारखं चुकणारं मशीन, आणि त्या मशीनसारखं वाजवणारा माणूस. याच्यात लाइव्ह कुठलं आणि मशीन कुठलं हे मला सांगा आणि मग माझ्याशी भांडा.

त्या अल्बमने मला सावरलं असं म्हणणार होतो पण ते तितकं खरं नाही. उलट जास्त राग आला. कारण त्याने जे केलं आणि माझं जे केलं ते कानाला एकच आहे. दोन बार, फिरवा. फरक एवढाच की त्याचा तुकडा त्याने निवडला आणि कव्हरवर त्याचं नाव आहे. मी मित्रांना तावातावाने सांगतो की रूट्सची खरी ताकद संयमात आहे, तेव्हा मनात एक जण विचारत असतो की मग तो अंधेरीचा अरेंजर पण संयमच मागत होता की. त्याला का शिव्या घालतोस?

मुद्दाम ते मराठी गाणं परत ऐकलंय मी. ठेका चांगला आहे. माझा रोल त्यात असता तर गाणं पडलं असतं. हे लिहायला हात जड होतो पण आहे ते आहे. नाव तरीही पाहिजे होतं.

आणि 'थिंग्ज फॉल अपार्ट'मधलंच 'यू गॉट मी', ज्यावर तुमच्यापैकी निम्मे लोक फिदा आहेत आणि ज्याला 2000 साली ग्रॅमी मिळालं. त्याचा तो हुक, म्हणजे परत परत येणारी गायलेली ओळ, जिल स्कॉटने लिहिला आणि आधी गायलाही तिनेच. तेव्हा ती कोणाला माहीत नव्हती, तिचा पहिला अल्बमही आलेला नव्हता, कंपनीला नाववाली गायिका पाहिजे होती, म्हणून एरिका बाडूकडून गाऊन घेतला. बाडू अप्रतिम गायलीय, त्यात प्रश्नच नाही. पण 1999 मध्येच आलेल्या 'द रूट्स कम अलाइव्ह' या लाइव्ह अल्बमवर तेच गाणं जिल स्कॉट गाते. आणि असं गाते की बास.

हे माझ्याच विरोधात जातं, कळतंय मला. अल्बममध्ये जिला बाहेर ठेवलं तिला स्टेजने आत घेतलं. तुम्ही लोक वाद घालता तेव्हा हा मुद्दा कुणीच काढत नाही हे माझं नशीब. काढला असतात तर मी काय बोललो असतो? बहुतेक हेच की तीही शेवटी रेकॉर्डच आहे, विकत मिळणारी, माझ्या शेल्फवर असलेली. पळवाट आहे, माहितीये.

पण मग 'वॉटर'चं काय करणार तुम्ही? 2002 च्या 'फ्रेनॉलॉजी'वरचं. बँडमधला दुसरा रॅपर मलिक बी नशेपायी दूर गेला, त्याच्याशी बँडचा मुख्य रॅपर ब्लॅक थॉट बोलतोय, जुना दोस्त बोलतो तसा, चिडून आणि जीव तुटून. आणि बोलणं संपल्यावर गाणं संपत नाही, पुढे कितीतरी वेळ नुसते आवाज, कण्हणं, गोंगाट, दहा मिनिटांच्या वर जातं सगळं मिळून. हे स्टेजवर बघायला मला नकोय. रात्री एकट्याने हेडफोनवर ऐकायची वस्तू आहे ती. मलिक बी 2020 मध्ये गेला, त्यानंतर मी ते पूर्ण ऐकलेलं नाही.

किंवा 2011 चा 'अनडन'. रेडफर्ड स्टीफन्स नावाच्या एका कल्पित पोराची गोष्ट, मरणापासून सुरू होऊन उलटी मागे जाणारी, आणि शेवटी रॅपच नाही, नुसतं वाद्यसंगीत, चार छोटे तुकडे, त्यातल्या एकात पियानो आणि ड्रम एकमेकांवर तुटून पडतात. ज्यांना मशीनसारखं वाजतं म्हणून कंटाळा येतो त्यांनी तो एक मिनिटाचा तुकडा ऐकावा. सगळा अल्बमभर आवळून धरलेला माणूस तिथे सुटतो, आणि आवळला होता म्हणूनच ते सुटणं कळतं. आणि टीव्हीची रोजची नोकरी सांभाळून केलेलं काम आहे हे. त्यांच्या 'द टिपिंग पॉइंट' या अल्बमबद्दल मला विचारू नका, तो मला जमत नाही आणि त्यावर भांडायची इच्छाही नाही.

ब्लॅक थॉटबद्दल पण एक सांगायचं राहिलं, लाइव्हला तो अफाटच आहे, पण तिथे तुम्ही सगळे ड्रमकडे बघत असता. अल्बममध्ये ड्रम मान खाली घालून बसतो म्हणून त्याचे शब्द ऐकू येतात. आमच्या ऑर्केस्ट्रात गायक मला नेहमी म्हणायचे, "जरा कमी वाजव रे," आणि मी ऐकायचो नाही.

भाचा परवा म्हणाला, बरं ठीक आहे मामा, मग सुरुवात कुठून करू, एक प्लेलिस्ट दे. प्लेलिस्ट देणार नाही. यांच्या जुन्या सीडी उलटून बघा, गाण्यांचे नंबर प्रत्येक अल्बमला 1 पासून सुरू होत नाहीत, मागच्या अल्बमवरून पुढे चालू राहतात. 1993 ला जर्मनीतल्या शोला विकायला म्हणून स्वतः काढलेला 'ऑर्गॅनिक्स' 17 वर संपतो, 'डू यू वाँट मोअर' 18 पासून सुरू होतो. म्हणजे त्यांच्या लेखी हा सगळा एकच लांबलचक अल्बम होता. तर 54 नंबरपासून सुरू कर, 'थिंग्ज फॉल अपार्ट'चं पहिलं, ॲपवर तो 1 दिसेल. शफल बंद ठेव, आणि 71 होईपर्यंत मला फोन करू नकोस.