हसलं कोण, हे ती बघते

मंगळवार, रात्री उशिरा

दुपारी ग्रुपवर पुन्हा तोच विनोद आला. एका देखण्या बाईवर भाळलेला पुरुष, मग ती पारलिंगी (ट्रान्सजेंडर), म्हणजे जन्माच्या वेळी मुलगा मानली गेलेली बाई, आहे हे कळल्यावर त्याची उडालेली गाळण आणि शेवटी ओकारी. खाली हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची रांग. टाकणारा माणूस दुष्ट नाही. अडीअडचणीला सगळ्यांत आधी धावून येतो. म्हणून तर जास्त लागलं.

यात हसू नक्की कशाचं येतं? त्या बाईने पुरुषाला फसवलं आणि त्याला किळस येणं साहजिकच होतं, हे आधीच मान्य असेल तरच ते येतं. हाच युक्तिवाद न्यायालयातही झालेला आहे. २००२ मध्ये कॅलिफोर्नियात ग्वेन अराउहो या १७ वर्षांच्या पारलिंगी मुलीची हत्या झाली. ती पारलिंगी असल्याचं कळल्यावर भान सुटलं, असा बचाव खटल्यात मांडला गेला. अशा बचावाला त्या राज्याने कायद्याने मज्जाव केला तो २०१४ मध्ये. विनोद पुढे ढकलणारा कुणाच्या जिवावर उठलेला नसतो, हे मला कळतं. पण 'तिनेच फसवलं' हे दोन्हीकडे सारखंच आहे. हसत हसत शंभरदा ऐकलेली गोष्ट पुढे गंभीर प्रसंगीही पटायला लागते, याची मला भीती वाटते.

माझी एक मैत्रीण पारलिंगी आहे. तिच्या कामाच्या ठिकाणी हे कुणालाच माहीत नाही. ती एकदा म्हणाली, "विनोद मी सोडून देते गं. खाली कोण कोण हसलंय, ते बघते." कुणावर विश्वास टाकायचा, अडचणीत कुणाला फोन करायचा, हे ती त्यावरून ठरवते. हसणाऱ्याला याचा पत्ताही नसतो. 'आपल्यात तसं कुणी नाही' असं तो बिनधास्त म्हणतो, आणि ती तिथेच असते, गप्प. एक माणूस तिच्यासाठी कायमचा बंद झालेला असतो.

'मी आजपासून हेलिकॉप्टर' म्हणत पारलिंगी माणसांच्या ओळखीची टर उडवणारे विनोद तर इतके शिळे झालेत की त्यावर लिहायलाही नको. जन्माच्या वेळी ठेवलेल्या, त्यांनी मागे सोडलेल्या जुन्या नावावरून केलेली चेष्टा मात्र खोल जाते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं, की ज्या पारलिंगी तरुणांना घरी, शाळेत, कामावर, मित्रांत स्वतः निवडलेल्या नावाने हाक मारली जाते, त्यांच्यात नैराश्य आणि आत्महत्येचे विचार कमी आढळतात. नुसत्या हाकेचं एवढं मोल असेल, तर मुद्दाम जुनं नाव उकरून काढून हशा मिळवणं ही किरकोळ गोष्ट कशी म्हणायची?

"एवढं काय मनावर घ्यायचं" असं म्हणणारे बहुतेक वेळा तेच असतात, ज्यांच्यावर तो विनोद कधीच होत नाही.

उद्या सकाळी त्याला फोन करणार आहे. ग्रुपवर सगळ्यांदेखत बोलले तर तो अडून बसेल आणि वाद भलतीकडेच जाईल. मैत्रिणीचा विषय काढायचा नाही. ती गोष्ट सांगायचा हक्क तिचा. ग्वेनबद्दल सांगेन. आणि तो विनोद काढून टाक म्हणेन.