१९७४ची कॉर्व्हेट रंगवायला देण्याआधी

फायबरच्या गाडीला लोहचुंबक चिकटत नाही. सांगायला ही गोष्ट साधी, पण जुनी गाडी घेताना आपल्याकडे जाणती माणसं रुमालात गुंडाळलेलं चुंबक पत्र्यावरून फिरवतात आणि पकड सुटेल तिथे खाली लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) आहे असं ओळखतात, तो उपाय इथे बाद होतो. रंगाची जाडी मोजायचं नेहमीचं यंत्रही खाली धातू असेल तरच आकडा दाखवतं. फायबरसाठी अल्ट्रासाउंडवर चालणारं वेगळं यंत्र लागतं. ते माझ्याकडे नव्हतं. त्यामुळे रंगाखाली काय काय दडलंय, ते खरवडल्याशिवाय कळायला मार्ग नव्हता.

गाडी १९७४ची शेव्हरोले कॉर्व्हेट स्टिंगरे, फायबर बॉडीची अमेरिकन स्पोर्ट्स कार. मी मिशिगनमध्ये डेट्रॉईटजवळ राहतो. पहिल्या कॉर्व्हेट १९५३ साली याच राज्यात, फ्लिंटला तयार झाल्या. त्या ३०० होत्या आणि सगळ्या पांढऱ्या. माझी मात्र पुढच्या काळातली, सेंट लुईसच्या कारखान्यातली. मला मिळाली तेव्हा ती काळी होती, आणि लांबून चांगली दिसायची. जवळ गेलं की बॉनेटवर सुकलेल्या तळ्यासारख्या भेगा.

रंगाचं काम स्वतः करायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. आजकालच्या टू-के, म्हणजे दोन भाग मिसळून मारायच्या रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फुप्फुसात गेलं तर कायमचा दमा लागू शकतो, आणि त्यासाठी बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क लागतो. घरच्या गराजमध्ये हा उद्योग नको. पण इथल्या पेंटरचा तासाचा दर बघता घासण्याचं काम त्याला देणं म्हणजे गाडीच्या किमतीइतकीच रक्कम पुन्हा मोजणं. बोलणी झाली ती अशी: खोलणं, खरवडणं, फायबरची दुरुस्ती आणि ब्लॉकने (सपाट ठोकळ्याला पॉलिश पेपर लावून) घासणं माझ्याकडे, फवारण्याचं सगळं त्याच्याकडे. त्याची अट एकच. जुन्या लॅकरवर, म्हणजे गाडीवरच्या जुन्या पद्धतीच्या रंगावर, तो रंग मारणार नव्हता. नव्या रंगातलं थिनर खालच्या लॅकरमध्ये शिरतं, लॅकर फुगतं आणि भेगा पुन्हा वर येतात. म्हणजे गाडी पूर्ण उघडी करायची.

खोलण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दिवे, हँडल, बंपर, टी-टॉपच्या (छताच्या काढता येणाऱ्या दोन फळ्यांच्या) रबरी पट्ट्या, सगळं निघालं. प्रत्येक वस्तूचा फोटो, प्रत्येक स्क्रूची वेगळी पिशवी, पिशवीवर मराठीत नाव. (बायकोने विचारलं, मराठीत का? म्हटलं, मदतीला येणाऱ्या मित्रांनी परस्पर काही लावू नये म्हणून.) ‘स्टिंगरे’ हे अक्षरचिन्ह मागच्या बाजूने नटांनी बसवलेलं असतं. ते पुढून उचकटलं तर भोकाभोवतीचं फायबर तडकतं, म्हणून चाकाच्या खोबणीतून हात घालून नट सोडवावे लागतात.

पुढच्या काचेभोवतीची पट्टी काढताना मात्र धाकधूक होती. कॉर्व्हेटची बॉडी गंजत नाही असं लोक म्हणतात. ते अर्धंच खरं. काचेभोवती आणि दरवाजांभोवती आत पोलादी सांगाडा असतो, इथे त्याला बर्डकेज म्हणतात, आणि तो छान गंजतो. काचेच्या खालच्या कोपऱ्यांत पाणी साठतं ते थेट त्याच्यावर. तिथे पोलाद खाल्लेलं निघालं असतं तर रंगाचा विषयच मागे पडला असता. माझ्या गाडीत वरवरचा तांबूस थर निघाला. घासून त्यावर इपॉक्सी लावून भागलं.

खरवडण्याचे रस्ते अनेक आहेत. रंग काढायचं केमिकल पटकन काम करतं, पण ते फायबरमध्ये आणि सांध्यांत मुरतं आणि नव्या रंगाखालून फोड होऊन वर येतं. मिथिलीन क्लोराइडवाली जुनी केमिकलं तर इथे २०१९पासून घरगुती वापरासाठी दुकानात मिळतच नाहीत. वाळूचा मारा फायबरच खाऊन टाकतो. हीट गनची आच फायबरमधले काचतंतू धरून ठेवणाऱ्या रेझिनला सोसत नाही. राहिलं रेझर ब्लेड. एका धारेचं पातं, त्याचे दोन्ही कोपरे जरा घासून बोथट करायचे म्हणजे ओरखडा पडत नाही, आणि तिरपं धरून ढकलायचं. जुनं लॅकर थंडीत ठिसूळ होतं आणि त्याचे कपचे उडतात, म्हणून मिशिगनचा हिवाळा या कामापुरता सोयीचा. हात भरून येतात, पण पात्याला सवय झाली की थर एकेक करून सुटतो.

आणि मग गाडीची कुंडली दिसायला लागली. काळ्याखाली पांढरा, पांढऱ्याखाली लाल. ड्रायव्हरच्या दरवाजाच्या बिजागरीजवळ कारखान्याची छोटी पट्टी असते, तिच्यावर ९७६ हा रंगाचा क्रमांक होता. म्हणजे मिले मिलिया रेड. इटलीतल्या हजार मैलांच्या शर्यतीवरून हे नाव आलं. डाव्या बाजूला पुढच्या मडगार्डवर लाल थर मात्र कुठेच सापडेना. खाली वाकून मागची बाजू पाहिली. कारखान्याचा पॅनल साच्यात दोन्हीकडून दाबलेला असतो, त्यामुळे तो आतूनही गुळगुळीत लागतो. इथे आतून खरखरीत, कापडाची वीण दिसणारा. म्हणजे पुढचा डावा कोपरा कधीतरी ठोकला गेला होता आणि कोणीतरी हाताने थापलेला तुकडा जोडला होता. विकणाऱ्याने याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. कदाचित त्यालाही माहीत नसेल. जोड मजबूत होता, वरची लांबी तेवढी बोटभर जाड. ती सगळी काढली.

पुण्यात आमच्या पद्मिनीला पोचा आला की डेंटर आतून हातोडी आणि बाहेरून लोखंडी ठोकळा धरून पत्रा जागेवर आणायचा. फायबरला तसं ठोकून सरळ करता येत नाही. ते वाकतं आणि सोडलं की परत येतं, नाहीतर तडकतं. तडक वर केसासारखी दिसली तरी ती आत गेलेली असते, आणि नुसती लांबी फासून रंग मारला तर पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा उमटते. तिची टोकं संपतात त्याच्याही पुढपर्यंत ग्राइंडरने उतरता खड्डा करायचा, मग काचतंतूंचे मॅट आणि रेझिनचे थर. १९७३पासून शेव्हरोलेने पॅनलसाठी एसएमसी नावाचा दाबून बनवलेला प्रकार वापरला, त्यावर साधं पॉलिएस्टर रेझिन नीट धरत नाही. मी इपॉक्सी वापरलं. ते थंडीत सेट होत नाही, म्हणून हा भाग मे महिन्यापर्यंत थांबला.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं सांध्यांनी. मडगार्डांच्या माथ्यावर पॅनल एकमेकांना चिकटवलेले असतात, मागून पट्टीचा आधार. ऊन लागलं की पॅनल आणि सांध्यातला मसाला कमीजास्त फुगतात, आणि चकचकीत रंगावर लांबच लांब रेघ उमटते. काही जण ती मुळातली खूण म्हणून राहू देतात. मला ती नको होती. सांधा इंग्रजी व्हीसारखा खोदून मॅटने भरला आणि गाडी उन्हात उभी केली. जे आकसायचं ते रंगाआधीच आकसू दे. बॉडीच्या रबरी माउंटखालच्या चकत्या बदलून दरवाजांच्या फटीही याच टप्प्यावर जुळवल्या. रंगानंतर चकती बदलली तर नव्या रंगाला तडा ठरलेला.

काचतंतूंची धूळ हा वेगळाच जाच. पूर्ण बाह्या, हातमोजे, मास्क, तरी मनगटावर खाज सुटतेच. कामानंतर आधी थंड पाण्याने धुवायचं. गरम पाण्याने त्वचेची छिद्रं उघडतात आणि कुसळं आत जातात, असं इथले जुने लोक सांगतात. उघडं फायबर पाण्याने घासायचं नाही, ते ओल धरतं. सगळं कोरडंच, आधी ८० नंबरचा पेपर, मग १८०. कोरडं घासलं की फायबरवर स्थिर वीज तयार होते आणि धूळ पुन्हा तिथेच येऊन बसते.

पेंटरने आधी इपॉक्सी, त्यावर जाड प्रायमर मारला आणि गाडी पुन्हा माझ्याकडे आली. त्यावर काळी पूड चोळायची, लांब ब्लॉकने तिरकं घासायचं. जिथे काळं राहील तिथे खड्डा. ही पूड कोणाची भीड ठेवत नाही. हाताला सपाट लागलेलं बॉनेट बेटाबेटांचं निघालं.

बंपर वेगळे द्यायचे होते. १९७४च्या गाडीचा मागचा बंपर मधोमध उभ्या सांध्याचा, दोन तुकड्यांचा, आणि तो त्या एकाच वर्षी आला. पुढच्या वर्षी अखंड झाला. मूळ युरेथेन (बंपरचं लवचीक प्लास्टिक) वयाने भुरभुरीत होतं, माझंही झालं होतं. नवे तुकडे फायबरचे घ्यावेत असा सल्ला मिळाला, कारण ते नीट बसतात. पण जरा धक्का लागला की फुटतात. मी लवचीक तुकडे घेतले, त्यांची लाट घासत बसलो. त्यांच्या रंगात वेगळं लवचीकपणाचं द्रव्य घालावं लागतं. त्या काळी कारखान्यातूनच बंपर आणि बॉडीच्या छटेत फरक असायचा, आणि मूळपणावर गुण देणारे परीक्षक तो फरक खपवून घेतात. मला स्पर्धेत जायचं नाही, एकच छटा पाहिजे, असं पेंटरला सांगितलं. रंग अर्थात ९७६.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी इथे वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा मोठा मेळा भरतो. तोवर रंग होणार नव्हता. प्रायमरमध्येच नेऊ का, असं विचारून पाहिलं. जाड प्रायमर पाणी पितो, एक सर आली तरी फोड उठतील, असं पेंटर म्हणाला, आणि गाडीची किल्ली स्वतःच्या कपाटात ठेवून दिली.