बाबांचा अंगठा

काल रात्री दोनच्या सुमारास बाबांनी हाक मारली. "पायावरची चादर काढ गं, तिचाही भार सोसवत नाही." उजव्या अंगठ्याचं मूळ लालबुंद, तुकतुकीत, हाताला गरम. ना ठेच, ना मुरगळ. दोन दिवस तिथं टोचल्यासारखं होत होतं, आम्ही बुटावर ढकललं. तेच चुकलं.

डॉक्टर म्हणाले, गाऊट, म्हणजे एक प्रकारचा संधिवात. रक्तात युरिक ॲसिड डेसिलिटरमागे साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेलं की सांध्यात सुईसारखे स्फटिक साचू शकतात. मला नवीन होतं ते हे, की ऐन दुखण्यात रिपोर्ट नॉर्मलही येतो, म्हणून २ आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. सोबत ताप असेल तर मात्र थांबूच नका, सांध्यातला जंतुसंसर्गही असाच दिसतो.

आत्ता बाबा झोपलेत. चादर गुडघ्यापर्यंतच.