साडी रीसेलिंगचा खरा नफा

आज पार्सलं बांधता बांधता महिन्याचा हिशेबही लागला, म्हणून नव्याने साडी रीसेलिंग सुरू करणाऱ्या मैत्रिणींसाठी थोडं लिहिते.

सुरतेची साडी 420 ला आली, 650 ला गेली, म्हणजे 230 सुटले असं धरू नका. कुरिअरचे 75 आणि पॅकिंगचे 12 वजा केले की हातात 143 राहतात. दहातल्या दोन कॅश ऑन डिलिव्हरी परत आल्या, तर त्यांचं जाण्यायेण्याचं भाडं आणि पॅकिंग मिळून 324 गेले. आठ साड्यांच्या 1144 मधून उरले 820, म्हणजे पाठवलेल्या दहांत साडीमागे 82! म्हणून पाठवण्याआधी फोन करून ऑर्डर पक्की कराच.

दुसरी गळती खोक्याची. कुरिअरवाले आकारमानाचंही वजन धरतात: लांबी, रुंदी, उंचीचा सेंटिमीटरमधला गुणाकार भागिले 5000. 30×25×8 चं खोकं 1.2 किलो भरतं, आत 400 ग्रॅमचीच साडी का असेना. तीच साडी सपाट घडी घालून 3 सेंमी जाडीच्या पाकिटात 0.45, म्हणजे अर्ध्या किलोच्या दरात जाते.

माल आला की प्रत्येक साडी पूर्ण उलगडून उजेडात बघा. ओढलेला धागा आणि डाग बहुतेक आतल्या घडीत सापडतात, आणि व्यापारी बदलून देतो तो लगेच सांगितलं तरच. फोटो खिडकीजवळ, फिल्टरशिवाय. पिवळ्या बल्बखाली राणी रंग लाल दिसतो, आणि तीच साडी परत येते.

ब्लाउजपीस किती सेंटिमीटर, तेही मोजून लिहा.