हॉलमधला क्रँक आणि चाळीस मायक्रॉन

यंदा दसऱ्याला आमच्या हॉलच्या कोपऱ्यात एक क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या वर-खाली जाण्याने फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा, आम्ही नुसतं क्रँक म्हणतो) उभा होता. आई दोन आठवडे रोज विचारत होती हे लोखंड कधी हलणार, आणि खंडेनवमीला तिनेच त्याला हळदकुंकू लावून झेंडूचं फूल वाहिलं. मी फक्त एवढंच म्हटलं की जर्नलला (बेअरिंगमध्ये फिरणारा गुळगुळीत भाग) बोट लावू नकोस, टोकाच्या फ्लँजवर लाव, त्यावर तिने जे बघितलं माझ्याकडे ते इथे लिहिण्यासारखं नाही. (उभा का ठेवला तर आडवा टाकला की घरातल्या कुणाचा तरी पाय लागणार, गडगडणार आणि जर्नलला ओरखडा पडणार. फ्लायव्हीलची बाजू खाली, वर ऑइल लावून प्लॅस्टिकची पिशवी, बास.)

सुरुवात झाली मार्चमध्ये. माझी मारुती सुझुकीची एस्टीम, १२९८ सीसी, एमपीएफआय म्हणजे फ्युएल इंजेक्शनवाली, कंपनीतून निघाली तेव्हा ८५ बीएचपी. आता ती रस्त्यावर चालवत नाही, ऑटोक्रॉस (मैदानावर वळणं आखून वेळ लावून चालवायची शर्यत) असेल तेव्हा ट्रॉलीवर घालून नेतो, आणि तिला एक छोटा टर्बो लावलाय, ०.६ बार बूस्टचा, म्हणजे तेवढ्या जास्त दाबाने इंजिनात हवा कोंबणारा. तळेगावकडच्या एका मैदानावर दुसऱ्या रनला लांब वळणात ऑइलचा दिवा एकदा मिचकावला, मला वाटलं वायर हलली असेल, आणि तिसऱ्या रनला खालून टक टक टक. बिग एंडचा, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाचा, ठोका एकदा ऐकला की माणूस विसरत नाही. चेंबर (इंजिनखालची ऑइलची परात) उघडला तर तळाला सोनेरी चमचम, जणू कुणी जरीची साडी किसून टाकलीय. तीन नंबर कनेक्टिंगचं (रॉडचं) बेअरिंग जागेवरून फिरलेलं आणि पिन, म्हणजे तो रॉड जिथे बसतो ते क्रँकचं जर्नल, जळून जांभळी पडलेली.

आता खरं सांगायचं तर चूक माझीच. आधीच्या वेळी इंजिन बांधताना एकाने सांगितलं की पॉवर काढायचीय ना मग बेअरिंग ढिलं ठेव, टाईट ठेवलंस तर जाम होईल, आणि मी ते ऐकून जर्नलला हौसेने पॉलिश मारून घेतलं, प्लॅस्टिगेजची (किती चपटी होते त्यावरून फट सांगणारी) पट्टी दाबून बघितली, साधारण साठ मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) आले, म्हटलं छान. छान काय, सुझुकीच्या मॅन्युअलमध्ये या इंजिनच्या मेन बेअरिंगचा (क्रँक ब्लॉकमध्ये ज्यावर फिरतो ते) क्लिअरन्स, म्हणजे जर्नल आणि बेअरिंगमधली फट, ०.०२० ते ०.०४० मिमी आहे आणि ०.०६० ही लिमिट आहे, म्हणजे मी नवीन इंजिनच घासलेल्या इंजिनसारखं बांधलं होतं.

यात गंमत अशी की बेअरिंगच्या कडेने गळणारं ऑइल हे क्लिअरन्सच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. चाळीसचे साठ केले की दीडपट नाही, १.५ चा घन, जवळजवळ ३.४ पट गळती. आणि कनेक्टिंगला ऑइल येतं कुठून, तर मेनमधूनच, क्रँकच्या पोटातल्या भोकांतून. मेनवाले सगळं सांडून बसले की पुढे पिनला काय मिळणार. त्यात वळणात चेंबरमधलं ऑइल एका बाजूला चढलं, ऑइल ओढणाऱ्या पिकअपच्या नळीने हवा ओढली, झालं.

लोकांना वाटतं ऑइल पंपाचं प्रेशर क्रँकला उचलून धरतं. नाही हो. पंप फक्त ऑइल आणून देतो, वजन पेलते ती फिरणाऱ्या जर्नलने स्वतः ओढून तयार केलेली ऑइलची पाचर. इंग्लंडमध्ये १८८३ साली ब्यूशँप टॉवर रेल्वेच्या अ‍ॅक्सलच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता, वर भोक पाडलं तर त्यातून ऑइल वर यायला लागलं, त्याने लाकडी खुंटी ठोकली तर ती खुंटीच बाहेर ढकलली गेली. तिथून लोकांना कळलं की आत भयानक प्रेशर तयार होतंय, मग १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने त्याचं गणित मांडलं. आपण अजून तीच खुंटी बसवतोय. क्लिअरन्स फार मोठा केला की ती पाचर पातळ पडते आणि फार छोटा केला की ऑइल पुरेसं वाहत नाही, तापतं, पातळ होतं आणि मग धातूला धातू.

असो. पैसे जमवण्यात पावसाळा गेला आणि मग प्रश्न आला क्रँक कोणता.

पहिला विचार अर्थातच सगळ्यात महागडा. ईएन२४ या मजबूत स्टीलच्या बिलेटमधून (अखंड ठोकळ्यातून) नवीन क्रँक करून घ्यायचा. आपण पुण्यात राहतो, मुंढव्यात भारत फोर्ज १९६१ पासून आहे, जगभरच्या ट्रकांचे क्रँक इथून जातात, आणि मला पंचवीस वर्षं जुन्या एस्टीमचा एक क्रँक मिळू नये? पण एक नग करून घेण्याचा भाव ऐकला आणि तेवढ्यात दुसरी अख्खी एस्टीम आली असती, टायरसकट.

दुसरा विचार स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, वाढवायचा. पिन ४२ मिमीची आहे, ती ऑफसेट ग्राइंड करून (एका बाजूने जास्त घासून) ४० करायची, सेंटर १ मिमी बाहेर सरकतं, स्ट्रोक ७५.५ चा ७७.५ होतो. ऐकायला भारी. मग रात्री बसून हिशोब केला, ७४ चा बोअर (सिलिंडरचा व्यास), ७७.५ चा स्ट्रोक, चार सिलिंडर, किती झाले? १३३३. पस्तीस सीसी! पस्तीस सीसीसाठी क्रँक कमजोर करायचा, कारण मेन जर्नल आणि पिन एकमेकांवर जेवढे चढलेले असतात तो ओव्हरलॅपच क्रँकची खरी ताकद असतो. स्टॉकमध्ये (४५+४२)/२ वजा ३७.७५ म्हणजे ५.७५ मिमी, आणि स्ट्रोक वाढवल्यावर ३.७५ उरतो. टर्बोने बूस्ट पाव बार वाढवला तरी याच्यापेक्षा जास्त मिळतं, फुकट.

तिसरा म्हणजे जांभळी पिन घासून पाव मिमी अंडरसाईज करायची, आपल्याकडे दहा साईज म्हणतात ती. तो क्रँक घेऊन भोसरी एमआयडीसीत एका ग्राइंडिंगवाल्या काकांकडे गेलो. काकांनी हातात घेतला, पिनच्या कोपऱ्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि विचारलं, "हा रेडियस कुणी खाल्ला?" म्हणजे पिन आणि तिच्या बाजूची भिंत (वेब) जिथे मिळतात तिथली गोलाई. गाडीच्या आधीच्या मालकाने कधीतरी एक पिन ग्राइंड करून घेतली होती आणि तिथे चाकाचा कोपरा धारदार, गोलाई जवळजवळ नाही. क्रँक तुटतो तो तिथूनच, सगळा ताण त्या कोपऱ्यात गोळा होतो. काका म्हणाले हा स्टॉक पॉवरला कदाचित चालेल पण टर्बोला मी हात लावणार नाही, दुसरा आण. आणि उलटही असतं बरं का, गोलाई जास्त मोठी ठेवली तर बेअरिंगची कड त्यावर चढते, मग कडा चॅम्फर केलेले (तिरक्या कापलेले) शेल, म्हणजे बेअरिंगचे अर्धगोल भाग, लागतात.

नायट्रायडिंगवरही (धातूच्या पृष्ठभागात नायट्रोजन मुरवून तो कडक करणं) त्यांनी मला झापलं. मी विचारलं ग्राइंड करून नायट्राइड करू का, तर म्हणाले कर, पण पुढच्या वेळी पुन्हा ग्राइंड केलंस की तो कडक थर गेला, परत करावं लागणार, आणि प्रत्येक वेळी क्रँक सरळ आहे का बघावं लागणार. लोक एवढंच ऐकतात की कडक झालं.

शेवटी नाना पेठेतल्या एका जुन्या स्पेअरवाल्याकडे कधीच ग्राइंड न झालेला, स्टँडर्ड साईजचा क्रँक मिळाला. तोच तो हॉलमधला. आधी मॅग्नेटिक क्रॅक टेस्ट केली, अंधाऱ्या खोलीत अतिनील (यूव्ही) दिव्याखाली बघायचं, भेग असेल तर हिरवी रेघ चमकते. एकही रेघ नाही. तेव्हा जो आनंद झाला तो मला दहावीच्या निकालालाही झाला नव्हता.

मग क्लिअरन्स. जुना नियम आहे की दर इंच व्यासाला एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, २५.४ मायक्रॉन. ४५ मिमीच्या मेनला तो ४५ मायक्रॉनच्या आसपास येतो, पिनला ४२. पण हा नियम बहुतेक करून कास्ट आयर्न ब्लॉकवाल्यांचा आणि सुझुकीचा हा ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा आहे. अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या दुप्पट फुगतं, म्हणजे इंजिन तापलं की मेनचा क्लिअरन्स आणखी वाढतो. म्हणून मी मेनला चाळीसच्या वर जायचं नाही ठरवलं, आणि कनेक्टिंग स्टीलचं आणि पिनही स्टीलच्या जातीची, तिथे ४२-४५ ठेवायचं. टर्बोमध्ये जोर वरून येतो, स्फोटाचा, कनेक्टिंगच्या वरच्या शेलवर. नुसतं आरपीएम वाढवणाऱ्यांचं उलटं, तिथे ६००० चे ८००० केले की पिस्टन ओढून थांबवण्याचा जोर पावणेदोन पटीच्या वर जातो आणि तो कनेक्टिंगच्या खालच्या अर्ध्या भागावर, म्हणजे कॅपवर, येतो. माझा रेव्ह लिमिटर ७००० ला आहे, त्यामुळे मी आरपीएमवाल्यांचे आकडे उचलायचं काही कारणच नव्हतं.

प्लॅस्टिगेज यावेळी ड्रॉवरमध्येच. मायक्रोमीटरने जर्नल मोजायचं, त्याच मायक्रोमीटरवर बोअर डायल (भोकाचा आतला व्यास मोजणारं गेज) झीरो करायचा, शेल बसवून कॅप पूर्ण टॉर्क मारून (ठरलेल्या जोराने आवळून) उभ्या दिशेत बोअर मोजायचा, पार्टिंग लाईनजवळ (दोन शेलांच्या सांध्याजवळ) नाही कारण तिथे शेल मुद्दाम पातळ केलेलं असतं.

आणि इथे मी परत माती खाल्ली. जर्नल मोजली घरी, सकाळी सात वाजता, हॉलमध्ये, पंख्याखाली. आकडे वहीत लिहिले, मायक्रोमीटर त्या आकड्यांवर धरून डायल झीरो केला आणि ब्लॉक मोजला भोसरीत दुपारी तीनला, पत्र्याखाली, ऑक्टोबर हीटमध्ये. मेनचा क्लिअरन्स आला पन्नास! मी चरकलो, शेल बदलायला निघालो होतो, तर काकांनी ब्लॉकवर हात ठेवला आणि म्हणाले हा तवा झालाय. बारा अंशांचा फरक असेल, ४९ मिमीचा अ‍ॅल्युमिनियम बोअर तेवढ्यात दहाएक मायक्रॉन सहज फुगतो. मग क्रँक, ब्लॉक, मायक्रोमीटर, डायल सगळं रात्रभर एकाच खोलीत ठेवलं आणि सकाळी सगळं परत मोजलं. अडतीस, सदतीस, चौतीस, अडतीस, एकोणचाळीस.

तो मधला चौतीस मला खटकत होता. सुझुकीचे मेन शेल रंगावर येतात, हिरवं सगळ्यात पातळ, मग काळं, मग बिनरंगाचं, पिवळं आणि निळं सगळ्यात जाड, एका रंगातून दुसऱ्यात साधारण तीन मायक्रॉन. तर मधल्या जर्नलला एका बाजूचं शेल एक रंग पातळ घेतलं, झाले सदतीस. फक्त एका जोडीत एका रंगापेक्षा जास्त फरक ठेवायचा नाही. कनेक्टिंगला मात्र तीन थरांचे शेल घेतले, स्टील, त्यावर तांबं-शिसं आणि वर मऊ पातळ थर, जोर जास्त असताना हे बरं. तिथे सदतीस आले होते, काकांनी शेवटचं पॉलिश क्रँक फिरण्याच्या दिशेने मारत पाच-सहा मायक्रॉन काढले, त्रेचाळीस. यावेळी पॉलिश मोजून, हौसेने नाही. थ्रस्टचा प्ले (क्रँक पुढे-मागे किती सरकतो ते) ०.१८ मिमी, पुस्तकात ०.११ ते ०.३१ आहे, झालं.

वळणात ऑइल एका बाजूला पळू नये म्हणून चेंबरमध्ये पत्र्याचे आडवे पडदे वेल्ड करून घेतले. हे खरं तर टर्बो लावायच्या आधी करायला हवं होतं.

या इंजिनचा ऑइल पंप क्रँकच्या नाकावरच असतो, ड्रिलने बाहेरून फिरवता येत नाही, म्हणून स्पार्क प्लग काढून नुसत्या स्टार्टरवर प्रेशर येईपर्यंत फिरवलं. दिव्यावर माझा भरवसा उडालाय, ऑइल प्रेशरचा खरा गेज लावलाय. दर हजार आरपीएमला दहा पीएसआय असा एक जुना ठोकताळा आहे, गरम इंजिनला ४००० वर ५५ दिसतात आणि आयडलला वीसच्या वर.

तीन तास चालवल्यावर पहिला ऑइल फिल्टर कापला आणि त्याची घडी गॅलरीत पेपरवर उलगडली. दोन-चार बारीक कण चुंबकाला चिकटले, रिंगांचे असणार, सोनेरी काही नाही. दुसरा परवा कापला, त्यात तेवढंही नाही. हॉलचा कोपरा मोकळा झाला म्हणून आईने तिथे तुळशीबागेतून आणलेलं स्टूल ठेवलंय. जांभळ्या पिनचा जुना क्रँक गॅलरीत पोत्याखाली आहे, तो तिला अजून दिसलेला नाही.