आमच्या बेंचवर फक्त बॅगा

मंगळवार, रात्री उशिरा

बास्केटबॉलच्या संघात बारा जणी घेता येतात. आमच्या कॉलेजच्या संघात आम्ही यंदा सात जणींनी सुरुवात केली आणि गणपती बसायच्या आतच सहावर आलो, कारण सातवीचा नर्सिंगला नंबर लागला. पाच मैदानात, एक बाहेर. बाकी बेंचवर बॅगा, पाण्याच्या बाटल्या आणि सरांची छत्री. काल नंदुरबारला सेमीफायनल हरलो, सीझन संपला. म्हणून आज लिहायला वेळ आहे. पोटऱ्या अजून दगड झाल्यात.

सर कुणालाच नावानं हाक मारत नाहीत, तालुक्यानं मारतात. रावेर, साक्री, अमळनेर, पारोळा, भडगाव आणि मी चोपडा. "साक्री, मागे बघ! रावेर, हात वर!" जळगाव बसस्टँडवरची उद्घोषणा चाललीय असं वाटतं.

आमच्यातली एकही शाळेत बास्केटबॉल खेळलेली नाही. शाळेत रिंगच नव्हती, खेळणार कुठून? भडगाव हँडबॉलची, रावेर कबड्डीची, साक्री खो-खोची. जुना खेळ अंगातून जात नाही. रावेरच्या शेजारून कुणी निसटून चाललं की तिचा हात आपोआप पकडायला जातो. शिट्टी, फाउल. साक्रीचं त्याहून गमतीचं. खो-खोत एकदा दिशा धरली की खांबापर्यंत उलटं फिरता येत नाही. ते तिच्या पायात इतकं मुरलंय की बॉल आमच्या हातात आला रे आला की ती समोरच्या रिंगकडे सुटते, मागे वळून बघतच नाही. सरांनी आधी ओरडून पाहिलं. मग म्हणाले, चोपडा, तूच बॉल तिच्या पुढे टाकत जा. तेव्हापासून आमचा ठरलेला असा एकच प्ले आहे: रिबाउंड (रिंगवर आपटून परत आलेला बॉल), माझ्याकडे पास, आणि मी न बघता उजव्या कोपऱ्याच्या दिशेनं लांब फेकायचं. साक्री तिथं असतेच.

बाकीचा खेळ आमच्या संख्येनं ठरवला. पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर, आणि बाहेरून आत यायला आमच्याकडे एकच. त्यामुळे प्रत्येकीनं आपापली मुलगी धरून पळायचं, हे आम्हाला परवडणारं नव्हतं. त्यात दमही जातो आणि फाउलही होतात. म्हणून टू-थ्री झोन: दोघी पुढे, तिघी रिंगजवळ, हात वर आणि पाय हलते. समोरच्या मुलीला आमच्या रिंगखालच्या चौकोनात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही, बचाव करणारीला मात्र तो नियम नाही. रावेरला तिथं उभं केलं की आत शिरायची वाट निम्मी बंद. लोक म्हणतात, झोन म्हणजे आळशांचा खेळ. म्हणोत. सिमेंटच्या कोर्टवर ऑक्टोबरच्या उन्हात चाळीस मिनिटं सहा जणींनी काढून दाखवावीत, मग बोलू.

पारोळ्याचं लिहायलाच हवं. तिच्याकडे बागायती कापूस, सप्टेंबरातच वेचणी लागते. शनिवारी संध्याकाळी घरी गेली की सोमवारी सकाळी बोटांना चिकटपट्ट्या लावून ग्राउंडवर. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी कडक होतात आणि नेमकी नखाच्या कडेला शिरतात. ड्रिबल तळहातानं नाही, बोटांच्या पेरांनी करायचा असतो. म्हणजे जिथं टोचलेलं तिथंच बॉल. पट्टी लावली की बॉल घसरतो, काढली की झोंबतं. मग तिनं डाव्या हातानं ड्रिबल घोटून घेतला, कारण डावा कमी सोललेला असतो. नंदुरबारला समोरच्या गार्डला, म्हणजे त्यांच्या बॉल पुढे आणणारीला, हे कळेपर्यंत पहिलं क्वार्टर संपलं होतं.

आता कालची मॅच. सुरत लाइनच्या गाडीनं आदल्या दिवशीच पोचलो होतो. गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्यांची तयारी चाललेली, वाऱ्यानं ठसका लागत होता. तिसऱ्या क्वार्टरला अमळनेरचा घोटा मुरगळला. ती गेली, भडगाव आत आली, बेंच रिकामा. शेवटच्या क्वार्टरला ३५-३५ असताना रावेरचा हात पुन्हा गेला. पाचवा फाउल. ती उभीच राहिली, तिला वाटलं चौथा आहे.

आम्ही चौघी. प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, मॅच थांबवा, यांचा संघच नाही! सर शांतपणे टेबलाकडे गेले. सुरुवातीला पाच लागतात हे खरं, पण मैदानात दोघी उरेपर्यंत मॅच चालते. हे मलाही माहीत नव्हतं. सरांनी आम्हाला फक्त चार बोटं दाखवली: चौकोन करा, दोन पुढे, दोन मागे.

उरलेल्या चार मिनिटांत आम्ही चांगला बास्केटबॉल खेळलो, हे मी हरलेली असूनही म्हणते. समोरच्या मुली आत घुसायच्याच मागे होत्या आणि आत तर आम्ही होतो. कोपरे मोकळे पडले होते. त्यांच्या मॅडमनी ओरडून ओरडून सांगितलं तेव्हा कुठे एकीनं कोपऱ्यातून तीन गुणांचा शॉट टाकला. पडला. आमच्या भडगावला दोन फ्री थ्रो मिळाले, कारण त्या क्वार्टरचा त्यांचा पाचवा टीम फाउल होता. मागून साक्री ओरडतेय, "टाक व माय, टाक!" एक पडला, एक रिंगवर फिरून बाहेर. मग त्यांचा एक ले-अप (रिंगजवळ जाऊन टाकलेला बॉल) आणि एक फ्री थ्रो. ३६-४१. हात मिळवताना त्यांची कॅप्टन म्हणाली, तुम्ही चार होतात ते मी विसरूनच गेले होते.

गुरुवार

विद्यापीठाच्या संघात साक्रीची निवड झाली. पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाणार, म्हणजे गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेशातल्या संघांशी गाठ. २०१८ पासून आपल्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे: कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. अख्खं नाव जर्सीच्या पाठीवर एका ओळीत कसं मावणार, हा प्रश्न पडलाय, आणि साक्रीची पाठ तर विशेषच अरुंद. घरी मका काढायचा आहे, पण दादा बघून घेईन म्हणाला. तिला वेगळीच काळजी. मेसमध्ये शेवभाजी पुढ्यात घेऊन बसली होती, खाईना. म्हणाली, "तठे माले पास कोन दी?"

मी म्हटलं, तिथल्या गार्डला पहिल्याच दिवशी सांगून टाक की तू वळून बघत नाहीस.

पुढच्या वर्षी अमळनेर, भडगाव आणि मी नसणार, शेवटचं वर्ष आहे. सरांनी नवीन मुली शोधून यादी द्यायला सांगितली आहे. शनिवारी खो-खोची निवड आहे, तिथं जाऊन बसेन. संघात न घेतलेल्यांतली एखादी उंच दिसली तर लगेच बोलायचं. कबड्डीकडेही जाऊ का म्हणून विचारलं, तर रावेर म्हणाली, नको, एक मी पुरे.